वाचणारा कितवीत आहे?

फुरसुंगीचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे अजून शाळेतच आहे. तो पुण्याच्या विद्याभवनात शिकायला आला तेव्हा हे शहर सायकलींचं होतं. मधल्या काळात सायकली गेल्या, उड्डाणपूल आले, त्यातले काही पाडूनही झाले. खुद्द फुरसुंगी पुणे महापालिकेत गेलं, पुन्हा बाहेर पडलं आणि तिथे वेगळी नगरपरिषद झाली. बन्या मात्र एका इयत्तेनंही पुढे सरकला नाही. भा. रा. भागवतांनी त्याला वीसेक पुस्तकांतून दमवलं, प्रतापगडावर चढवलं, गुलमर्गला नेलं, चक्रीवादळात ढकललं, विमानचोरांच्या मागे लावलं. वाढदिवस तेवढा साजरा करू दिला नाही. टाळूला जीभ लावून ‘ट्टॉक्’ करणारा हा काटकुळा मुलगा होता तसाच राहिला आणि त्याचे वाचक म्हातारे झाले.

म्हातारे झाले, पण गेले नाहीत. हे मला मोठं नवल वाटतं. साठी ओलांडलेला, रक्तदाबाची गोळी घेणारा, सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगवरून भांडणारा माणूस फास्टर फेणेचं नाव निघालं की आवाज बदलून बोलायला लागतो. त्याला गोष्टी आठवतात, बन्याचा मित्र सुभाष देसाई आठवतो, बहीण माली आठवते. त्याहून मजेची गोष्ट अशी की तो ती पुस्तकं आजही विकत घेतो आणि दुकानात जरा ओशाळतो. कारण अप्पा बळवंत चौकात मुलांची पुस्तकं मागितली की काउंटरपलीकडून पहिला प्रश्न येतो, ‘कितवीत आहे?’ मग एखादा नातू किंवा भाची तातडीनं निर्माण करावी लागते.

२०१७ साली ‘फास्टर फेणे’ सिनेमा आला, तेव्हा त्याच्या कर्त्यांनी हा तिढा आपल्या परीनं सोडवला. त्यांनी बन्यालाच मोठा केला. अमेय वाघनं रंगवलेला फेणे शाळकरी नाही, तरुण आहे. आणि ज्या भागवतांनी त्याला कागदावर जन्म दिला ते पडद्यावर त्याला भेटतात, दिलीप प्रभावळकरांच्या रूपात. सिनेमाला पटलं की प्रेक्षक मोठा झाला म्हणजे नायकही मोठा हवा. पुस्तकाला असं कधीच वाटलं नव्हतं. मला पुस्तकाचं म्हणणं जास्त खरं वाटतं. का, ते सांगतो.

मुलांचं पुस्तक मुलांसाठी असतं, हे आपण गृहीत धरतो. पण अशी पुस्तकं जन्माला कशी आली ते पाहायला लागलं की प्रत्येक वळणावर एखादा मोठा माणूस उभा दिसतो. पंचतंत्रातला विष्णुशर्मा तीन मंदबुद्धी राजपुत्रांना शहाणं करायला बसला होता, पण त्याच्या कोल्ह्या-लांडग्यांनी जे शिकवलं ते राजकारण होतं, आणि पुढची शेकडो वर्षं ते राजांनीच वाचलं. मराठी मुद्रणाच्या अगदी पहाटे, १८०६ साली, तंजावरच्या सरफोजीराजांनी इसापाच्या गोष्टींचं मराठी पुस्तक छापवून घेतलं, ‘बालबोध मुक्तावली’. म्हणजे आपल्याकडे छापील पुस्तकाची सवयच धड लागलेली नव्हती, तेव्हा कावेरीकाठच्या एका मराठी राजाला ग्रीक कोल्हा मराठीत बोलवावासा वाटला. पुण्यात १९०६ मध्ये वा. गो. आपट्यांनी ‘आनंद’ मासिक सुरू केलं. हे आपटे कोण? ‘शब्दरत्नाकर’ हा कोश रचणारे, मराठीतले वाक्प्रचार आणि म्हणी गोळा करणारे. दिवसभर शब्द मोजणाऱ्या माणसाला संध्याकाळी मुलांशी बोलावंसं वाटत होतं, हे मला फार सूचक वाटतं. ज्यूल व्हर्नच्या कितीतरी अद्भुत सफरी ज्या फ्रेंच नियतकालिकात क्रमशः येत, तेही घरातल्या सगळ्यांनी मिळून वाचायचं नियतकालिक होतं. त्याच व्हर्नला मराठीत आणून भागवतांनी ‘चंद्रावर स्वारी’ केली.

आणि ‘श्यामची आई’? महाराष्ट्रात मुलांच्या हाती सर्वांत जास्त दिलं गेलेलं हे पुस्तक नीट उघडून पाहा. सानेगुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. त्यात श्याम हा लहान मुलगा नाहीच. तो मोठा झालेला माणूस आहे आणि आश्रमातल्या सोबत्यांना रात्री-रात्री बसून आपलं लहानपण सांगतो आहे. ऐकणारेही बाळं नव्हेत. एका मोठ्या माणसानं मोठ्यांना सांगितलेली गोष्ट आपण पिढ्यान्‌पिढ्या चौथी-पाचवीतल्या मुलांना वाढदिवसाला देत आलो आहोत. तिचे खरे श्रोते कोण, हा प्रश्न कुणाला पडलाच नाही, कारण उत्तर उघड होतं. दोघंही.

तेव्हा लहान मुलांच्या पुस्तकात मोठा माणूस मागच्या दारानं घुसत नाही. तो पहिल्यापासून आत असतो. तोच लिहितो, तोच निवडतो, पैसे देतो, आणि पोराला अक्षर येत नसतं तोवर वाचतोही तोच. त्याच्यावाचून हा व्यवहार एक पाऊल चालत नाही. मग त्याला त्या पुस्तकात स्वतःचं काही मिळतं का? चांगल्या पुस्तकात मिळतं, आणि ते कसं मिळतं ही एक विलक्षण रचना आहे.

शांता शेळक्यांनी लुइसा मे अल्कॉटच्या ‘लिटल विमेन’चं ‘चौघीजणी’ केलं. मूळ पुस्तक १८६८-६९ मधलं, अमेरिकेतलं, यादवी युद्धाच्या सावलीतलं. आणि तरी मराठी घरांत मेग, ज्यो, बेथ आणि एमी या जणू शेजारच्या वाड्यातल्या बहिणी होऊन बसल्या. बाराव्या-तेराव्या वर्षी हे पुस्तक वाचणारी मुलगी ज्योच्या बाजूची असते. ज्यो केस कापून विकते तिथे ती गलबलते, बेथच्या पानांवर रडते, ज्यो लॉरीला नकार देते तिथे पुस्तकावर रागावते. याच पुस्तकात एक प्रसंग आहे. संतापी ज्यो स्वतःच्या रागाला कंटाळून आईजवळ येते, तेव्हा ही शांत, सोशिक, सगळ्यांना आधार देणारी आई तिला सांगते की मलाही जवळजवळ रोज राग येतो. चाळीस वर्षं मी तो आवरायला शिकते आहे. बाराव्या वर्षी या वाक्याजवळून आपण सहज पुढे जातो. आई समजूत घालते आहे, एवढंच कळतं. चाळिशीत तेच पान उघडा. सकाळचा डबा, नोकरी, सासूबाईंचं पथ्य, मुलाची परीक्षा हे सगळं उरकून रात्री दहाला ते वाक्य समोर येतं आणि वाचणारी बाई पुस्तक मिटून बसते. वाक्य दीडशे वर्षं तिथेच होतं. तिच्या हातातल्या प्रतीतही पहिल्यापासून होतं. फक्त ते तिच्यासाठी आहे हे तिला तेव्हा ठाऊक नव्हतं.

अल्कॉटनं हे दोन वेगळ्या वाचकांसाठी दोनदा लिहिलं नाही. एकदाच लिहिलं. मुलांसाठी लिहिणाऱ्या थोर लेखकांची ही खरी करामत आहे. मुलाला कळावं म्हणून ते वाक्य सोपं करतात, पण आतला अनुभव हलका करत नाहीत. सोप्या वाक्यात अवघड अनुभव बसवला की तो वयाची पर्वा न करता तिथे टिकून राहतो. जड शब्दांत लिहिलेलं लवकर जुनं होतं, कारण शब्दांची फॅशन बदलते. सी. एस. लुइस या ‘नार्निया’कारानं तर असं मत मांडलं होतं की जी गोष्ट फक्त मुलांनाच आवडते ती मुलांसाठीही फारशी चांगली नसते. मला हे मत कडक वाटायचं. आता वाटत नाही.

याच्या उलट्या टोकाला प्रकाश नारायण संतांचा लंपन उभा आहे. ‘वनवास’ हे पुस्तक १९९४ चं. त्यानंतर ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’. ही मुलांची पुस्तकं म्हणून काढलेली नव्हती. बोलणारा मात्र शाळकरी मुलगा आहे. बेळगावकडच्या, कानडीच्या लयीत भिजलेल्या मराठीत तो बोलतो, ऊठसूट सगळ्याला ‘मॅड’ म्हणतो आणि आकडे अफाट फुगवतो. आई-वडिलांपासून लांब, आजी-आजोबांकडे राहतो. सातवी-आठवीतल्या मुलानं हे वाचलं तर त्याला सवंगडी मिळतो, सुमी मिळते, खोड्या मिळतात. मोठा माणूस वाचतो तेव्हा त्याला पहिल्या काही पानांतच कळतं की हे पोर आतून फार एकटं आहे आणि त्याला स्वतःला ते समजलेलं नाही. एकाच पानावर मुलगा हसतो आणि बाप गप्प होतो. २०२४ मध्ये निपुण धर्माधिकारींनी त्यावर मालिका केली तेव्हा ती घराघरांत एकत्र बसून पाहिली गेली याचं मला मुळीच आश्चर्य वाटलं नाही.

पुण्याच्या माधुरी पुरंदरे हे सगळं चित्रांत करतात. त्यांचं काम पाहिलं की बेकेटचं ‘वेटिंग फॉर गोदो’ फ्रेंचमधून मराठीत आणणारी आणि पिकासोवर पुस्तक लिहिणारी बाई हीच, हे क्षणभर खरं वाटत नाही. ‘राधाचं घर’ घ्या. एक छोटी मुलगी आपल्या घरातल्या माणसांची ओळख करून देते, बस. राक्षस नाही, परी नाही, शेवटी तात्पर्य नाही. ‘यश’च्या गोष्टींतही असंच साधं, चालू घर आहे. पण त्या घरात मोठी माणसं खरी आहेत. त्यांना कंटाळा येतो, ती दमतात, चिडतात, त्यांचं काहीतरी चुकतं. मुलांच्या पुस्तकातले आई-बाबा एरवी किती आदर्श आणि किती लाकडी असतात हे आठवलं की याचं मोल कळतं. मराठीतल्या मुलांच्या पुस्तकांतला सर्वांत कमी बोललेला दोष तोच आहे असं मला वाटतं. त्यातल्या मुलांपेक्षा त्यातले मोठे जास्त खोटे असतात.

चित्रांच्या पुस्तकाबद्दल एक गोष्ट समजली तेव्हापासून मी घरोघरी लोकांना वाचताना चोरून बघत असतो. मांडीवर तीन-चार वर्षांचं मूल आहे, आई वाचते आहे. दोघं एकच पान पाहत आहेत असं आपल्याला वाटतं. कॅनडातल्या दोन संशोधकांनी २००५ मध्ये मुलांच्या डोळ्यांच्या हालचाली मोजून पाहिल्या, तर मुलं अक्षरांकडे जवळजवळ पाहतच नव्हती; त्यांची नजर सगळा वेळ चित्रात फिरत होती. आईची नजर अर्थातच ओळींवर. म्हणजे एकाच मांडीवर, एकाच दिव्याखाली, एकाच वेळी दोन पुस्तकं वाचली जात असतात. अक्षरांतलं पुस्तक मुलाला आईच्या आवाजातून मिळतं. चित्रातलं पुस्तक आईला कसं मिळणार? मूल बोट ठेवून म्हणतं, ‘हे मांजर मघाशी तिकडे होतं’, तेव्हा. जाणकार चित्रकार मजकुरात नसलेली मांजरं चित्रात मुद्दाम सोडून ठेवतात. शिकलेल्या माणसाला ती दिसत नाहीत, कारण अक्षर समोर असलं की त्याचा डोळा तिकडे ओढला जातो. तो न वाचता राहूच शकत नाही. अक्षरओळख नसलेला वाचक इथे जास्त पाहतो. तो शिकवतो आणि आपण शिकतो. पुरंदऱ्यांनी चित्र कसं वाचावं यावरही काम केलं आहे, ते मोठ्यांनी आधी चाळावं.

त्यांनी उलट दिशेचा पूलही बांधून ठेवला आहे. ‘वाचू आनंदे’ या त्यांच्या संपादनात, बाल गटात आणि कुमार गटातही, मराठी साहित्यातले निवडक उतारे आहेत आणि जोडीला भारतीय चित्रपरंपरेतली चित्रं. मोठ्यांच्या कपाटातलं मुलांसाठी उतरवून ठेवलेलं हे वाचन आहे. मजा अशी की ते मुलांसाठी म्हणून आणलं जातं आणि बाबा किंवा आजी ते घेऊन खिडकीत बसतात.

आता मोठ्यानं वाचण्याकडे वळू, कारण या साऱ्या प्रकरणातली सगळ्यांत अचाट यंत्रणा तिथे आहे.

माणूस मोठ्यानं वाचत असतो तेव्हा तो जो शब्द उच्चारतो त्या शब्दावर त्याचा डोळा नसतो. डोळा केव्हाच दोन-तीन शब्द पुढे गेलेला असतो. हे तपासायची जुनी युक्ती फार झकास आहे. वाचता वाचता अचानक दिवा घालवायचा. अंधारात काही दिसत नसतानाही वाचणाऱ्याच्या तोंडून पुढचे काही शब्द बाहेर पडतात, कारण ते डोळ्यांनी आधीच उचलून ठेवलेले असतात. वीज जाण्याच्या बाबतीत आपल्याला प्रयोगशाळेची गरज नाही. घरी करून पाहा.

याचा गोष्टीशी काय संबंध? फार मोठा. मराठीत क्रियापद वाक्याच्या टोकाला बसतं आणि ‘नाही’ तर त्याच्याही मागे. ‘म्हातारीनं दार उघडून बाहेर डोकावून पाहिलं’ आणि ‘म्हातारीनं दार उघडून बाहेर डोकावून पाहिलं नाही’ ही दोन वाक्यं शेवटच्या क्षणापर्यंत एकच आहेत. वाचणाऱ्याचा डोळा पुढे धावला नसता तर त्याला सूर लावताच आला नसता. म्हातारी डोकावणार नाही हे त्याला ‘डोकावून’पाशीच कळलेलं असतं, आणि त्याचा आवाज आपसूक बदलतो. ऐकणाऱ्या मुलाला शब्द अजून मिळालेला नाही, पण आवाज मिळाला आहे. थोडक्यात, मोठ्या माणसाच्या तोंडून गोष्ट ऐकणारं मूल अर्धा क्षण भविष्यात जगत असतं. ध्वनिफितीवरच्या पुस्तकातही हे घडतं, पण तिथला आवाज त्या मुलाचा चेहरा पाहून ‘नाही’ थोडा लांबवत नाही. घरातला लांबवतो.

दुसरी गोष्ट शब्दांची. हेज आणि अहरेन्स या अमेरिकन अभ्यासकांनी १९८८ मध्ये इंग्रजीतले रोजचे नसलेले, क्वचित भेटणारे शब्द कुठे किती आढळतात ते मोजलं. पदवीधर माणसं आपसांत गप्पा मारतात तेव्हा दर हजार शब्दांत असे साधारण १७ शब्द निघाले. मुलांच्या पुस्तकांत जवळपास ३१. पुन्हा वाचा, कारण मीही पुन्हा वाचलं होतं. सहा-आठ वर्षांच्या मुलासाठी लिहिलेलं पुस्तक हे दोन प्राध्यापकांच्या चहाच्या टपरीवरच्या गप्पांपेक्षा शब्दांनी श्रीमंत असतं. आकडे इंग्रजीचे आहेत, पण मराठीतली गोष्टींची पुस्तकं उघडून पाहा. कणगी, पडवी, रहाट, मोट, पखाल, उतरंड. दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये यातला एकही शब्द वर्षभर कुणाच्या तोंडी येत नाही. मूल विचारतं, ‘कणगी म्हणजे काय?’ आणि बत्तीस वर्षांचा अभियंता बाप दोन क्षण थांबतो. त्याच्या लक्षात येतं की आपण हा शब्द आयुष्यात प्रथमच मोठ्यानं उच्चारतो आहोत. मग आजीला व्हिडिओ कॉल लागतो. त्या कॉलमध्ये जे घडतं तेही वाचनातच धरावं.

म्हणूनच मूल स्वतः वाचायला लागलं की ‘आता तुझं तू वाच’ म्हणून हात झटकणं मला घाईचं वाटतं. मुलांना वाचून जेवढं कळतं त्यापेक्षा ऐकून कळण्याची ताकद बरीच वर्षं पुढे असते. तिसरीतलं मूल स्वतः तिसरीचं पुस्तक वाचतं, पण ऐकताना सहावीच्या पुस्तकातही सुखानं राहतं. आणि सहावीची पुस्तकं वाचणाऱ्यालाही जास्त रुचतात, त्यामुळे दोघांचं भलं होतं.

पुण्याला विक्रमांची हौस आहेच. २०२३ च्या डिसेंबरात, पुणे पुस्तक महोत्सवाच्या निमित्तानं, एस. पी. कॉलेजच्या मैदानावर ३,०६६ पालकांनी आपापल्या मुलांना एकाच वेळी गोष्ट वाचून दाखवली आणि चीनच्या नावावरचा गिनीज विक्रम पुण्याकडे आणला. मैदानात, ध्वनिक्षेपकाच्या तालावर गोष्ट वाचणं ही काय चीज आहे, असं नाक मुरडायची संधी मी पुणेकर म्हणून सोडत नाही. तरी त्या आकड्याकडे मी पुन्हा पुन्हा जातो. विक्रम वाचणाऱ्या मुलांचा मोजला गेला नाही, वाचून दाखवणाऱ्या मोठ्यांचा मोजला गेला.

नाटकानं ही गोष्ट पुण्यात बरीच आधी ओळखली होती. डॉ. मोहन आगाशे यांनी १९८६ मध्ये बर्लिनच्या ग्रिप्स थिएटरची शैली इथे आणली, ‘छान छोटे वाईट्ट मोठ्ठे’ या नाटकानं. ग्रिप्समध्ये परीराणी आणि चेटकीण नसते. मुलांचे रोजचे प्रश्न असतात आणि मुलांच्या भूमिका प्रौढ नट करतात. तेही बोबडं न बोलता, गाल न फुगवता. दाढीचे खुंट असलेला नट आठ वर्षांचा मुलगा होऊन रंगमंचावर रुसतो आणि दोन मिनिटांत समोरच्या मुलांना तो आपल्यातला वाटायला लागतो. त्यांच्या शेजारी बसलेल्या पालकांना मात्र रंगमंचावरचे मोठे लोक ओळखीचे वाटतात, आणि ते खुर्चीत जरा सरकून बसतात. पु. लं.नी मुलांसाठी लिहिलेल्या एका नाटकाचं नाव ‘वयं मोठं खोटम्’ ठेवलं होतं. ग्रिप्सच्या प्रेक्षागृहात त्या नावाची सारखी आठवण येते.

एका जागी मात्र आपली शिडी तुटलेली आहे. लहान मुलांसाठी मराठीत चांगली पुस्तकं आहेत, मोठ्यांसाठी आहेत. तेरा ते अठरा वयाचं फडताळ रोडावलेलं आहे. दुकानात फेरी मारा. चित्रमय पुस्तकं, मग बोधकथा, मग थोर पुरुषांची चरित्रं, आणि एकदम स्पर्धा परीक्षा. मधल्या पोरांनी जायचं कुठे? ती इंग्रजीत जातात. इंग्रजीत हे कुमारवयीन साहित्य एवढं जोरात आहे की मोठेच त्याचे मोठे गिऱ्हाईक झाले आहेत. २०१२ च्या एका अमेरिकी पाहणीत अशी पुस्तकं घेणाऱ्यांपैकी ५५ टक्के लोक अठरा वर्षांच्या वरचे निघाले आणि त्यातल्या बहुतेकांनी पुस्तक स्वतःसाठीच घेतल्याचं सांगितलं. हॅरी पॉटरच्या वेळी तर ब्रिटनमधल्या प्रकाशकानं पहिल्या पुस्तकाची मोठ्यांसाठी वेगळी आवृत्ती काढली. आतला मजकूर तोच, पण मुखपृष्ठावर रंगीत चित्राऐवजी आगगाडीचं गंभीर कृष्णधवल छायाचित्र. लोकलमध्ये वाचताना लाज वाटू नये म्हणून! म्हणजे ‘कितवीत आहे?’ हा प्रश्न लंडनलाही सतावत होता, फक्त त्यांनी त्यावर वेष्टण शोधलं.

मराठीत हे फडताळ भरायचं काम सुरू नाही असं नाही. भारत सासणे हे मोठ्यांचे कथाकार; त्यांच्या ‘समशेर आणि भूतबंगला’ला २०२४ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. त्याआधी २०२२ मध्ये तो संगीता बर्वे यांच्या ‘पियूची वही’ला मिळाला होता आणि २०१७ मध्ये ल. म. कडूंच्या ‘खारीच्या वाटा’ला. सत्यजित राय यांचा फेलूदा अशोक जैनांमुळे मराठी बोलतो, जपानची तोत्तोचान चेतना सरदेशमुख गोसावींमुळे. तोत्तोचान हे तर या विषयातलं नमुनेदार उदाहरण आहे. एका खोडकर मुलीची शाळेतली धमाल म्हणून मुलं वाचतात, आणि शिक्षक ते वाचून आपल्या वर्गाकडे नव्यानं पाहायला लागतात.

कमतरता लेखकांपेक्षा वाचून देणाऱ्यांची आहे असं माझं मत. चौदा वर्षांच्या मुलाला पुस्तक ‘दिलं’ की तो ते ठेवून देतो. आपण ते वाचत बसलो, मध्येच फिस्सकन हसलो आणि का हसलो ते सांगितलं नाही, तर तो संध्याकाळी ते पळवतो. त्यासाठी मोठ्या माणसानं ते खरोखर, स्वतःच्या सुखासाठी वाचलेलं असावं लागतं. नाटक केलेलं मुलांना लांबून ओळखू येतं.

पैसे खर्च न करताही सुरुवात करता येते आणि त्याची चांगली साधनं पुण्यातच तयार झाली आहेत. अरविंद गुप्ता यांनी आयुकाच्या आवारात, मुक्तांगण विज्ञान शोधिकेत टाकाऊतून खेळणी केली, हे सगळ्यांना माहीत असतं. त्यांनी आपल्या संकेतस्थळावर मुलांची हजारो पुस्तकं मराठी, हिंदी, इंग्रजीत फुकट वाचायला ठेवली आहेत, हे त्या मानानं कमी लोकांना माहीत असतं. आणि सेनापती बापट रस्त्यावरच्या बालभारतीचं ‘किशोर’ मासिक आहे. नोव्हेंबर १९७१ पासून ते चालू आहे. मोठ्यांसाठी लिहिणाऱ्या कितीतरी नामवंतांनी आणि चित्रकारांनी त्यात मुलांसाठी हात मोकळा सोडला. त्याचे जुने अंक आता ऑनलाइन मोफत उघडतात. १९७१ नंतर जन्मलेल्यांनी आपल्या जन्ममहिन्याचा अंक शोधावा, शेजारी घरातलं एखादं दहा-बारा वर्षांचं माणूस बसवून घ्यावं. पहिला प्रश्न मुखपृष्ठावरच्या किमतीबद्दल येतो. एवढ्या पैशांत तेव्हा आणखी काय काय यायचं, हे सांगता सांगता पहिली गोष्ट सुरू करायची राहून जाते. तेव्हा किमतीचं उत्तर थोडक्यात द्यावं आणि पान उलटावं.